पुनर्वसनातील रोबोटबद्दल फिजिओथेरपिस्ट नाखूश का असतात? नोकरी जाण्याची भीती हे कारण आहे का?

पक्षाघातानंतर आपल्या वडिलांना रुग्णालयाने चालण्याच्या सरावासाठी रोबोट सुचवला, पण त्यांच्या फिजिओथेरपिस्टने त्याबद्दल फारसा उत्साह दाखवला नाही. यामागे नोकरी जाण्याची भीती असेल का, असे आपण विचारले आहे. मी मुंबईत न्यूरो-फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि अशा यंत्रावर रुग्णांचा सराव घेते. ही भीती मला सहकाऱ्यांमध्ये क्वचितच दिसली. परळच्या केईएम रुग्णालयात १९५३ साली फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, त्याला सात दशके उलटली, तरी पालिका रुग्णालयांच्या ओपीडीतील रांग काही आखूड झालेली नाही. जिथे रुग्ण हातावेगळे करताना दिवस पुरत नाही, तिथे यंत्र आपली जागा घेईल ही चिंता कुणाला फारशी शिवत नाही.

उलट, यंत्र हवेसे वाटण्याचे कारण अगदी शारीरिक आहे. लुळा पडलेला पाय हाताने चालवायचा म्हणजे एकाने खाली स्टुलावर बसून प्रत्येक पाऊल उचलून पुढे ठेवायचे आणि दुसऱ्याने मागून रुग्णाची कंबर सावरायची; थोड्याच वेळात दोघांचीही पाठ भरून येते आणि सराव थांबतो. मेंदूला हालचाल नव्याने शिकण्यासाठी मात्र तीच हालचाल पुष्कळ वेळा करावी लागते. अमेरिका आणि कॅनडातील पुनर्वसन केंद्रांमध्ये केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात एका सत्रात हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी केवळ ३२ आणि पावले ३५७ भरली होती. हार्नेसने, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांनी, शरीराचे काही वजन उचलून धरणारा आणि पायांना जोडून ट्रेडमिलवर चालवणारा रोबोट न थकता याहून कितीतरी अधिक पावले टाकून घेतो, हे आम्ही रोज पाहतो.

मग नाखुशी कशाची? पहिली गोष्ट वेळेची. रुग्णाची मांडी आणि पोटरी मोजून यंत्राची लांबी जुळवावी लागते, पट्टे बांधावे लागतात, आणि पहिल्या वेळी यातच सत्राचा मोठा भाग जातो. पट्टा सैल राहिला तर गुडघा आणि यंत्राचा सांधा एका रेषेत येत नाही. घट्ट झाला तर त्वचा लाल होते, आणि संवेदना गेलेल्या पायाला ते कळतही नाही, म्हणून सत्र संपल्यावर प्रत्येक पट्ट्याखालची त्वचा डोळ्यांनी तपासावीच लागते. व्हीलचेअरवरून रुग्णाला उचलून हार्नेसमध्ये उभे करण्याचा भार वॉर्डबॉय आणि मावशींवर पडतो, तर रक्तदाबावर लक्ष ठेवणे आणि लघवीची पिशवी सांभाळणे सिस्टरकडे येते. यंत्र घेण्याचा निर्णय वरच्या मजल्यावर होतो आणि या मंडळींना कुणी विचारतही नाही, प्रशिक्षणही अर्धवट मिळते. माझ्या मते खरी नाराजी इथे आहे आणि ती रास्त आहे. महागडे यंत्र रिकामे राहू नये म्हणून ज्याला गरज नाही अशा रुग्णालाही त्यावर चढवण्याचा आग्रह होतो, तेव्हा ती आणखी वाढते.

दुसरे कारण पुराव्याचे. हाताच्या रोबोटवर ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांची मोठी चाचणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताचे कार्य अधिक सुधारल्याचे दिसले नाही. चालण्याबाबत चित्र अधिक आशादायक आहे: फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र वापरल्यास स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते, आणि हा लाभ प्रामुख्याने पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतील व मुळीच चालू न शकणाऱ्या रुग्णांना होतो, असे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात आढळले आहे. त्यामुळे आपल्या वडिलांना पक्षाघात होऊन वर्ष लोटले असेल आणि ते काठी घेऊन चालत असतील, तर त्यांच्या थेरपिस्टचा थंडपणा हा अभ्यासातून आलेला असू शकतो.

आणखी एक शंका आम्हा सगळ्यांनाच सतावते. यंत्र पाय हलवत असताना रुग्ण स्वतः काहीच न करता उभा राहू शकतो, म्हणून यंत्राचा आधार सत्रागणिक कमी करत नेण्यासाठी शेजारी जाणकार माणूस लागतोच. शिवाय ट्रेडमिल सपाट असते. लालबागच्या चाळीतला अरुंद लाकडी जिना, गॅलरीच्या टोकाचे सामाईक शौचालय, उखडलेला फूटपाथ यांचा सराव तिच्यावर होत नाही. त्यासाठी थेरपिस्टचा हात धरूनच पायऱ्या चढाव्या लागतात.

आपण त्या थेरपिस्टशी थेट बोला. वडिलांसाठी यंत्राने नेमके काय साधायचे आहे, सत्रात त्या स्वतः शेजारी असतील का, यंत्रावरच्या सत्रामुळे हाताने करून घेतला जाणारा सराव कमी होणार का, आणि किती आठवड्यांनी प्रगती मोजून यंत्र चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरेल, एवढे त्यांना विचारा. शुल्काचा प्रश्न बिलिंग काउंटरवर विचारला तरी चालेल, पण ही चार उत्तरे मात्र त्यांच्याकडूनच घ्या.