थी : काळ, तर आणि शेपू

ठाण्याच्या एक बाई घरबसल्या व्हिएतनामी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवतात. मुलं 'यस्टरडे आय गो' आणि 'शी वर्क इन बँक' म्हणतात. शंभरदा सुधारलं तरी एकशेएकाव्या वेळी पुन्हा तेच. त्यांच्या एका सहकारी शिक्षिकेने निदान करून टाकलं : "त्यांच्या भाषेत क्रियापदाला काळच नसतो, व्याकरण असं नाहीच." बाईंनी विचारलंय, हे खरं का? आणि काळच नसेल तर 'काळ' या व्याकरणातल्या शब्दाला ते काय म्हणतात?

'त्या भाषेला व्याकरणच नाही' हे वाक्य मी चिनीबद्दल ऐकलंय, मलायबद्दल ऐकलंय, आणि अहिराणीबद्दल तर पुण्यात बसून ऐकलंय. व्याकरण म्हणजे 'रामः रामौ रामाः'चा तक्ता असं शाळेत एकदा डोक्यात बसलं की तक्ता नसलेली भाषा माणसाला उघडी वाटू लागते. व्हिएतनामीत शब्दांची जागा बदलून बघा, मग कळेल व्याकरण आहे की नाही.

आता क्रियापद. 'आन' म्हणजे खाणे. मी खातो, ती खाते, त्यांनी खाल्लं, आपण खाऊ, सगळीकडे 'आन'. लिंग, वचन, पुरुष, काळ यांपैकी कशाचाही शिक्का त्यावर बसत नाही. 'काल' म्हणायला 'होम क्वा' आहे. तो एकदा म्हटला की ऐकणाऱ्याला कळलं, पुन्हा क्रियापदाला कशाला राबवायचं? गरज वाटली तर क्रियापदाआधी 'दा', 'दांग' किंवा 'से' ठेवता येतं. झालेलं, चाललेलं, होणारं. पण ठेवलंच पाहिजे असं नाही. म्हणजे काळ नाही असं नसून काळ दाखवायची सक्ती नाही. इंग्रजीत ती सक्ती आहे, आणि मराठीत तर विचारूच नका : गेलो, गेलास, गेला, गेली, गेलं, शिवाय 'तिने आंबा खाल्ला' पण 'भाकरी खाल्ली'. आपलं क्रियापद येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मुजरा करत फिरतं. त्या सवयीतून आलेल्या शिक्षकाला 'शी वर्क' हा आळस वाटणारच.

पण मला जास्त राग येतो तो 'दा' म्हणजे भूतकाळ असं लिहिणाऱ्या गाइडांचा. इंग्रजीतला 'ईडी' आला की भाषांतरात 'दा' ठोकायचा आणि 'दा' दिसला की 'ईडी' लावायचा. व्हिएतनामी माणूस बिनधास्त म्हणतो, 'माय आन्ह देन थी तोय दा दी रोय' : उद्या तुम्ही याल तेव्हा मी गेलेलो असेन. उद्याची गोष्ट, तरी 'दा' आहेच. 'दा' सांगतो की काम उरकलं. कधी उरकलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे मराठी माणसाला कळायला काय हरकत आहे? दाराबाहेरून हाक आली की आपण आतून ओरडतो, "थांब, आलोच!" आलो कुठे? अजून चप्पल सापडलेली नाही. व्याकरणकार मोरो केशव दामल्यांनी 1911 सालीच रूपांना ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी त्यांच्या प्रत्ययांवरून नावं देऊन ठेवली होती, म्हणजे रूप एकीकडे आणि घड्याळ दुसरीकडे. आपण परीक्षेपुरती ती पाठ केली आणि 'ल' दिसला की भूतकाळ हे चालूच ठेवलं. व्हिएतनाममध्ये हाच वाद भाषाशास्त्रज्ञ काओ स्वन हाओ यांनी घातला. त्यांच्या भाषेत इंग्रजी-फ्रेंच तऱ्हेचा काळ नाही, आहे तो कामाचा टप्पा, असं ते ठासून सांगत राहिले. त्यांच्यावर टीका करणारे अजूनही आहेत. मी हाओंच्या बाजूने, एक मुद्दा सोडून. तो पुढे येईल.

तर शब्द. 'क्रियापद' म्हणजे 'दोंग तु', हलणारा शब्द. यातलाच 'दोंग' भूकंपात, इंजिनात आणि प्राण्यात आहे. चिनी मालमसाला, जपानी-कोरियनमध्येही हाच. यात विशेष काही नाही.

'काळ' म्हणजे मात्र 'थी', आणि इथे मजा आहे. मुलांच्या इंग्रजीच्या वहीत प्रत्येक पानावर हा शब्द असतो : थी वर्तमान, थी भूत, थी भविष्य. मूळ चिनी अक्षर 'वेळ, ऋतू' या अर्थाचं. त्याचा जुना व्हिएतनामी उच्चार 'थी', स्वर खाली उतरत जाणारा. पण बाकी सगळीकडे पाहाल तर तेच अक्षर 'थऽय' असं ऐकू येतं. हवामानात थऽय, फॅशनच्या शब्दात थऽय, ताज्या बातम्यांत थऽय. एकाच अक्षराचे हे दोन उच्चार का?

कारण राजा. 1847 ते 1883 या काळात ह्वे या व्हिएतनामच्या तेव्हाच्या राजधानीत राज्य करणाऱ्या तू दुक सम्राटाचं एक नाव 'थी' होतं. सम्राटाचं नाव प्रजेने उच्चारायचं नाही, म्हणून 'थी'चा 'थऽय' करण्यात आला. दरारा असा की मेलेल्यांनाही सूट नाही. ङो थी न्यम हा विद्वान मुत्सद्दी 1803 मध्ये वारला, तेव्हा तू दुक जन्मलाही नव्हता. पण राजाच्या नावांत 'थी'ही होतं आणि 'न्यम'ही, त्यामुळे बिचाऱ्याची दोन्ही अक्षरं बाटली आणि तो ङो थऽय न्येम झाला. आजही हनोईतल्या रस्त्यावर त्याचं जुनं नाव आहे, सायगावातल्या रस्त्यावर बदललेलं. (आपल्या वर्णमालेत बाराखडीपुरता उरलेला 'ङ' तिकडे शब्दाच्या तोंडाशी बसतो, हे जाता जाता. 'वाङ्मय' लिहिताना कुरकुरणाऱ्यांनी बघावं.)

हे परकं वाटायचं कारण नाही. माझ्या आजोबांचं नाव दगडू. आजीने जन्मभर 'दगड' हा शब्द उच्चारला नाही. उंबऱ्याशी दाराला अटकाव करायला ठेवलेला तो 'धोंडा', आणि पोरांनी झाडावर मारला तोही धोंडाच. आजीच्या घरात हे एका शब्दापुरतं चाललं. तू दुकाच्या घरात अख्खा देश होता.

मग 'थी' मेला का? नाही. जुन्या, ठरून गेलेल्या म्हणींत तो टिकला. 'न्यत थी, न्यी थुक' अशी त्यांची शेतकऱ्याची म्हण आहे : पहिली वेळ, दुसरी मशागत. मृग गाठणाऱ्याला ती समजावून सांगायला नको. व्याकरणातला 'थी'ही टिकला. आणि तिसरा 'थी' असा होता की सम्राटाच्या बापालाही तो बंद करता आला नसता, कारण तो काढला तर बोलणंच बंद पडतं.

हा तिसरा 'थी' म्हणजे आपला 'तर'. 'नेउ मुअ थी तोय खोंग दी' : पाऊस पडला तर मी जाणार नाही. नेउ म्हणजे जर, थी म्हणजे तर. एवढ्यावरच थांबत नाही. 'तोय थी खोंग दी' म्हणजे 'मी तर नाही जाणार', बाकीच्यांचं ते बघून घेतील. 'जर'शिवाय एकटा उभा राहून कुणालातरी घोळक्यातून बाहेर काढणारा आपला 'तर' आणि त्यांचा 'थी' इथे हुबेहूब एक होतात. इंग्रजीला यासाठी अर्धं वाक्य खर्चावं लागतं.

कोशांत या दोन 'थीं'च्या नोंदी वेगळ्या असतात : एक 'काळ', दुसरा 'तर', जणू योगायोगाने सारखा आवाज. मला हे बिलकूल मान्य नाही. चिनी अक्षरांवर बेतलेल्या जुन्या व्हिएतनामी नोम लिपीत 'तर'साठीही ते वेळेचंच अक्षर वापरत. नुसत्या आवाजासाठी उसनं घेतलं असेल, असं कोशवाले म्हणतील. म्हणोत. त्यांनी आपला 'तर' बघितलेला नाही. 'तर' कुठून आला? संस्कृत 'तर्हि'पासून. आणि 'तर्हि' म्हणजे 'त्या वेळी'. 'कर्हि' कोणत्या वेळी, 'एतर्हि' या वेळी, 'तर्हि' त्या वेळी. जो मुळात घड्याळ बघणारा शब्द होता, तो हळूहळू अट सांगणारा झाला. 'तेव्हा'चंही तेच : 'तो आला तेव्हा' मध्ये वेळ आहे, 'गाडी बंद होती, तेव्हा आलो नाही' मध्ये कारण आहे. मराठीत हे दोनदा घडलं तर व्हिएतनामीत एकदा घडायला कुणाची परवानगी लागते? हाओंशी माझं भांडण एवढंच. वाक्य कशाबद्दल आहे आणि त्याबद्दल काय सांगितलंय, यांच्यामध्ये हा 'थी' सीमेवरच्या दगडासारखा (आजी, माफ कर) बसतो, हे त्यांनी 1991 च्या व्याकरणात फार सुंदर दाखवलं. पण एका हाताने काळाचा 'थी' भाषेबाहेर काढायचा आणि दुसऱ्या हाताने 'तर'चा 'थी' सिंहासनावर बसवायचा, हे माझ्या मते एकाच माणसाला मागच्या दाराने हाकलून पुढच्या दाराने पानावर बसवण्यासारखं आहे.

आणि शेपू. हो, शेपूला व्हिएतनामीत 'थी ला' म्हणतात. हनोईकडे हळद लावून तळलेल्या माशावर तो मूठमूठ घालतात. 'ला' हा त्यांचा 'म्हणजे', त्यामुळे 'थी ला...' म्हणजे जवळपास आपलं 'तर म्हणजे...', शब्द न सुचणाऱ्याचा टेकू. लोककथा अशी : देव झाडापाल्यांना नावं वाटत होता. शेपू सगळ्यांत शेवटी पोचला, नावं संपलेली. देव डोकं खाजवत म्हणाला, "तुझं नाव... थी ला... थी ला..." तेवढ्यात शेपू आनंदाने पळाला, मिळालं नाव! कथा गोड आहे, व्युत्पत्ती म्हणून शून्य. खरा शब्द चिनी 'शिलुओ', आणि तो चीनविद्येचे अभ्यासक बेर्टोल्ड लाउफर यांनी 1919 मध्ये मध्य-इराणी 'झीरा'शी नेऊन जोडला. झीरा म्हणजे संस्कृत 'जीरक', म्हणजे आपल्या मिसळणाच्या डब्यातलं जिरं. फोडणीतल्या जिऱ्याचा चुलतभाऊ हनोईत शेपूची भाजी होऊन बसलाय. ज्यांच्या घरी शेपू म्हटलं की पोरं ताटावरून उठतात त्यांनी आता 'आज जिऱ्याचा भाऊ केलाय' म्हणून बघावं.

बाईंचा प्रश्न राहिलाच. भराभर सांगतो.

'शी ब्यूटिफुल' येतं कारण त्यांचं विशेषण स्वतःच क्रियापदासारखं चालतं. 'ला' फक्त दोन नामांना जोडतो. ते सुधारायला गेलात की मुलं उलट्या टोकाला जाऊन 'आय ॲम अग्री' म्हणतील. हसू नका. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' आपण अजून म्हणतो.

'हॅव यू ईटन' शिकवताना व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्रीचा तक्ता आधी काढू नका. त्यांचं 'आन कम चुअ?' काढा. शब्दशः 'भात खाल्ला, की अजून नाही?', आणि वापर थेट आपल्या 'जेवलात का?' सारखा. उत्तर 'रोय', झालं, किंवा 'चुअ', अजून नाही. लग्नाबद्दल विचारलं तरी अविवाहित माणूस सत्तरीतही 'अजून नाही' असंच म्हणतो, 'नाही' म्हटलं तर दार बंद केल्यासारखं होतं. 'येट' आणि 'ऑलरेडी' त्यांच्या घरात आधीच आहेत, फक्त 'हॅव' बाहेरून आणायचा.

आणि 'वर्क्स'मधला 'स'. इथे सहकारी शिक्षिकेचं निदान पुरतं चुकलंय, कारण निम्मा दोष व्याकरणाचा नाहीच. व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी प, त, क आणि अनुनासिकं एवढीच व्यंजनं येतात, तीही तोंडातच अडवलेली. शेवटी 'स' नाही, जोडाक्षर तर नाहीच. फ्रेंचांची बस त्यांनी घेतली ती 'ब्वीत' करून, 'स'चा 'त'. फ्रेंच व्हलीझ, म्हणजे प्रवासाची बॅग, 'वा ली' झाली, शेवट गळूनच गेला. मुलाला नियम पाठ असतो, कागदावर तो बरोबर लिहितो, तोंड मात्र दार लावून घेतं. म्हणून 'वर्क्स'चा 'स' किंवा 'लिव्ह्ड'चा 'द' शब्दाच्या शेवटी शिकवू नका, पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला ढकला : 'शी वर्क सिन अ बँक', 'ही लिव्ह दिन हनोई'. सुरुवातीचा 'स' आणि 'द' त्यांना छान येतात. पुढचा शब्द स्वराने सुरू होणारी वीसेक वाक्यं बनवा आणि पहिले पंधरा दिवस तेवढीच म्हणून घ्या. 'आस्क्ड'वर माझ्याकडे उपाय नाही. तो माझ्याही तोंडून 'आस्ट' असाच येतो.