अवकाशातल्या लढाईत लेझर भारी की तोफ?

कथेतल्या युद्धनौकेला लेझर द्यावा की तोफ, असं तुम्ही विचारलंय. मी मोठ्या इमारतींच्या एसी प्लांटची डिझाइनं करतो, त्यामुळे माझा उलटा प्रश्न: नौकेला रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे पत्रे, दिलेत का?

अवकाश थंड, मग तापायची भीती कसली, असं बऱ्याच जणांना वाटतं. थर्मासमधला चहा आठवा. दोन भिंतींमध्ये निर्वात जागा असते म्हणून तो तासन्‌तास गरम राहतो. तुमची नौका तशीच थर्मासात बसलेली आहे. बाहेर हवाच नाही, तर कूलिंग टॉवर काय कामाचा? उष्णता जाणार ती प्रारणानं, म्हणजे उन्हासारखी किरणांच्या रूपात, रेडिएटरच्या पत्र्यावरून.

आता १ मेगावॉटचा लेझर घ्या, कार्यक्षमता ३० टक्के धरा. किरण सुरू असेपर्यंत नौकेत २.३ मेगावॉट उष्णता साठत राहील. आमच्या भाषेत साडेसहाशे टनांचा चिलर, म्हणजे इमारतीसाठी पाणी थंड करणारं यंत्र (टन इथे वजनाचा नाही, एसीचा). आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे ते भलेमोठे मुख्य रेडिएटर सुमारे ७० किलोवॉट बाहेर टाकतात, म्हणजे तुम्हाला त्याच्या तेहतीसपट हवेत. ७७ अंश सेल्सिअसचा पत्रा, सगळं आदर्श धरलं तरी, दोन्ही बाजूंनी मिळून चौरस मीटरला १.७ किलोवॉटच टाकतो. झाला की १,४०० चौरस मीटर पत्रा! लालबुंद तापवला तर खूपच लहान पुरेल, पण लेझरच्या डायोडना, म्हणजे त्यातल्या प्रकाश देणाऱ्या भागांना, थंडावा लागतो, तिथे गाडी अडते.

पाणी उकळून वाफ बाहेर सोडता येईल. अपोलोच्या चांद्रवीरांचे सूट पाण्याच्या बर्फाची अशीच वाफ करून थंड राहायचे. पण इथे सेकंदाला जवळपास लिटरभर पाणी जाईल. १०,००० लिटरचा टँकर तीन तासांत रिकामा, आणि तिथे दुसरा टँकर मागवायचा कुणाकडून?

एवढं करून किरण पसरतोच. १ मीटरचा आरसा आणि १ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश घेतला, तर १०,००० किलोमीटरवर ठिपका सुमारे २५ मीटर रुंद होतो. तिथे शत्रूच्या अंगावर पडणारा प्रकाश त्याच्यावर आधीच पडणाऱ्या उन्हाच्या जेमतेम दीडपट. निवांत शेकत बसेल तो.

तोफेचा प्रयोग खरोखर झालाय. सोव्हिएत संघाच्या साल्यूत-३ स्थानकावर २३ मिलिमीटरची तोफ होती. २४ जानेवारी १९७५ रोजी, आत कुणी नसताना, ती दुरून डागली गेली. तोफ स्थानकाला घट्ट बसवलेली, त्यामुळे नेम धरायला अख्खं स्थानक वळवायचं, आणि धक्का आवरायला इंजिनं चालवायची. (मला हे चित्र फार आवडतं.)

मारायला दारूगोळाही लागत नाही, वेग पुरतो. सेकंदाला १० किलोमीटरनं आदळणाऱ्या १ किलोच्या लोखंडात सुमारे १२ किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते. जून १९८३ मध्ये चॅलेंजर शटलच्या खिडकीला रंगाच्या एका कणानं खड्डा पाडला, काच बदलावी लागली. पण सरळ जाणारा गोळा त्या वेगानंही १,००० किलोमीटरला १०० सेकंद घेतो. तेवढ्यात शत्रूनं गुरुत्वाच्या शंभराव्या भागाइतकं त्वरण घेतलं, तर तो अर्धा किलोमीटर सरकलेला असेल.

म्हणून माझं मत: स्वतः दिशा बदलणारी लहान क्षेपणास्त्रं द्या, मोजकीच, कारण प्रत्येक किलोमागे इंधन वाहावं लागतं. लेझर ठेवा शत्रूचे कॅमेरे आंधळे करण्यापुरता. आणि रेडिएटर विसरू नका. पातळ, पसरलेले, तुकड्यांनी फाटणारे. शत्रू आधी तेच फोडेल. कप्तानानं ते मिटून घेतले, की केबिनचं तापमान चढायला लागेल. तुमचा प्रसंग तिथून सुरू करा.