अठरा पूर्ण व्हायच्या आत वकिलाला भेट

प्रश्न : मी चार वर्षांची असताना आई-बाबांबरोबर व्हिजिटर व्हिसावर कॅलिफोर्नियात आले. व्हिसा संपला, आम्ही इथेच राहिलो. आता बारावीत आहे, मार्चमध्ये अठरा पूर्ण होतील. कॉलेजचा फॉर्म भरताना सोशल सिक्युरिटी नंबरचा (इथल्या नागरिकांना आणि कामाची परवानगी असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी क्रमांकाचा) रकाना आला आणि बाबांनी हळूच लॅपटॉप मिटला. तेव्हा मला सगळं कळलं. मला नर्स व्हायचंय. भारतात जाऊन शिकू का? पण तिथे मला कोण ओळखतं? आणि इथे तरी मी कोण, पाहुणी?

उत्तर : लॅपटॉप मिटला तेव्हा तुझ्या पोटात काय झालं असेल, ते पत्र वाचताना मला जाणवलं. पण शाळेत तू कुणाच्या मेहेरबानीवर बसली नव्हतीस. कागदपत्रं नाहीत म्हणून सरकारी शाळेला मुलांना नाकारता येत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात दिला. तो तुझा हक्कच होता.

भारताचा निर्णय मात्र रागात किंवा रडून घेऊ नकोस, कारण इथे तारखेला फार महत्त्व आहे. अठरा वर्षांखालचं बेकायदा वास्तव्य कायदा मोजत नाही. अठराव्या वाढदिवसापासून दिवस मोजले जातात. १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडलास तर तीन वर्षं परत येता येत नाही, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. म्हणजे मार्चनंतर तुझ्या हातात जेमतेम सहा महिने असतील. जायचं की राहायचं हे मी सांगणार नाही. ते इमिग्रेशन वकिलाला भेटून, घरात बसून ठरवा. ‘कागद करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका.

लहानपणी इथे आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्यांना तात्पुरतं संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या ‘डाका’ योजनेबद्दल तू ऐकलं असशील. १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी ती होती, आणि २००७ मध्ये तुझा जन्मही झाला नव्हता. त्यात वेळ घालवू नकोस.

राहायचं ठरलं तर कॉलेजचं दार उघडं आहे. कॅलिफोर्नियात तीन वर्षं हायस्कूल करून तिथूनच पास झालेल्यांना २००१ च्या एबी ५४० कायद्याने राज्यातल्या विद्यार्थ्यांचीच फी लागते. केंद्राची आर्थिक मदत तुला मिळणार नाही, म्हणून ‘फाफ्सा’ या केंद्राच्या मदतीच्या अर्जाऐवजी राज्याच्या मदतीसाठी कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्टचा अर्ज भर. शाळेतल्या काउन्सेलरला एबी ५४० विचार, एवढं म्हटलं तरी त्यांना कळतं.

आता नर्सिंग. इथे खरं बोललंच पाहिजे. कॅलिफोर्नियात इमिग्रेशनची स्थिती पाहून नर्सिंगचा परवाना नाकारता येत नाही, पण नोकरीला वर्क परमिट लागतंच. म्हणजे परवाना हातात आणि नोकरी मात्र नाही, अशी वेळ येऊ शकते. तरीही माझं मत शिकण्याच्या बाजूचं आहे. एनक्लेक्स ही इथली नर्सिंग परवान्याची परीक्षा कॅनडातही रजिस्टर्ड नर्सच्या परवान्यासाठी चालते, तेव्हा हे शिक्षण एका देशापुरतं राहत नाही. प्रवेश घेण्याआधी क्लिनिकल ट्रेनिंगला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो का, ते मात्र प्रत्येक कॉलेजला विचार. पुढे जाऊन इथे अडण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेव : कुठल्याही फॉर्मवर ‘अमेरिकन नागरिक’ या चौकटीत खूण करू नकोस, घाईतही नाही. तो एक टिक पुढचे सगळे रस्ते कायमचे बंद करू शकतो. रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

‘इथे मी कोण’ याचं उत्तर वकील देणार नाही, मीही देणार नाही. पण मराठीत मला एवढं लांब पत्र लिहिणारी, तिथल्या शाळेत तेरा वर्षं वाढलेली तू दोन्हीकडची आहेस, असं मला मनापासून वाटतं.

आज रात्री बाबांना तुझा जुना पासपोर्ट मागून घे. चार वर्षांच्या तुझा फोटो असलेला तो. त्यात विमानतळावरचा प्रवेशाचा शिक्का असेल. रीतसर तपासणी होऊन देशात आलीस, याचा तो पुरावा आहे आणि वकील पहिल्यांदा तेच विचारतील. वकिलाच्या भेटीची तारीख ठरली की कळव.