आधी पगाराची ओळ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली, मग जोडलेला अर्जही वाचला. 2 मे 2025 च्या त्या शुक्रवारी रात्री एनईएकडून, म्हणजे अमेरिकी सरकारच्या कलानिधीकडून, देशभरातल्या कितीतरी संस्थांना गेला तोच निरोप तुमच्या गॅलरीलाही आला. अनुदान रद्द, कारण प्रकल्प राष्ट्राध्यक्षांच्या प्राधान्यक्रमात बसत नाही. तेव्हापासून तू घोळत बसली आहेस. अर्ज अमेरिकेच्या 250 वर्षांच्या सोहळ्यात कसाबसा बसवून पुन्हा पाठवायचा, की उत्तरेतल्या त्या श्रीमंत म्युझियमची नोकरी धरायची? कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात कलेवर सरकारने पैसा का खर्चावा, हे मी तुला सांगत बसणार नाही. ते तुला माझ्याइतकंच कळतं. मला राग आला तो तुझ्या बजेटचा.

कॅटलॉगची छपाई आहे, पाहुण्या चित्रकारांचं मानधन आहे, चित्रांची ने-आण आहे, विमा आहे. आणि प्रदर्शन उतरवल्यावर ती चित्रं ज्या खोलीत परत जाणार, तिथली हवा कोरडी राहते की नाही हे रोज बघणारं माणूस? त्याच्या नावाने एक डॉलर नाही. तुझा स्वतःचा पगारही दुसऱ्याच कुठल्या ग्रँटमधून येतो आणि ती जूनमध्ये संपते. मग रद्द झालं ते नेमकं काय? एक प्रदर्शन. अनुदान मिळालं असतं तरी ते संपल्यावर तुम्ही आज आहात तिथेच असता. पगाराची ओळ आधी लिही. बाकीचं सगळं नंतर.

फिस्कची गोष्ट तुला सगळे सांगतात. 1871 मध्ये नॅशव्हिलचं ते कॉलेज बुडायला आलं होतं. खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थ्यांना घेऊन गाण्याच्या दौऱ्यावर निघाला. बहुतेक पोरं गुलामीत जन्मलेली. त्यांच्या आईबापांची भजनं लोकांनी डोक्यावर घेतली, पहिल्या दौऱ्यात सुमारे 20 हजार डॉलर जमले, पुढे राणी व्हिक्टोरियासमोर गाणं झालं आणि 1876 मध्ये ज्युबिली हॉल उभा राहिला. (याच फिस्कमधून 1888 मध्ये पदवी घेतलेले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस. बाबासाहेबांनी 1946 मध्ये त्यांना पत्र लिहिलं होतं. तुझ्या बाबांना सांग, त्यांना आवडेल.) ही गोष्ट ऐकताना सगळ्यांचे डोळे पाणावतात. माझं डोकं तापतं. गाणाऱ्यांनी कॉलेज जगवलं, इमारत बांधून दिली. त्या बदल्यात कलेला कायमचं काय मिळालं, हे कुणी विचारत नाही.

त्याच फिस्कला 1949 मध्ये चित्रकार जॉर्जिया ओकीफने तिचा दिवंगत नवरा, छायाचित्रकार स्टिग्लित्झ, याच्या संग्रहातल्या 101 कलाकृती दिल्या. नवऱ्याच्या माघारी एवढा खजिना एका कृष्णवर्णीय कॉलेजला, तोही वंशभेदाच्या दिवसांत. आणि काही दशकांनी कॉलेजला कोर्टात सांगावं लागलं की आम्हाला हे सांभाळणं परवडत नाही. वर्षानुवर्षं खटला चालला. 2012 मध्ये अर्धा हिस्सा 3 कोटी डॉलरना अर्कान्सातल्या क्रिस्टल ब्रिजेस म्युझियमला गेला. आता तो संग्रह दोन-दोन वर्षं इकडे-तिकडे फिरतो. लोकांनी फिस्कला नावं ठेवली. मी नाही ठेवली. चित्रं देणारे खूप असतात, ती सांभाळणाऱ्याचा पगार देणारं कुणी नसतं.

आता पैशाचं बघ. 1965 च्या एकाच शरद ऋतूत राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी दोन कायद्यांवर सह्या केल्या. 29 सप्टेंबरला कला आणि मानव्यविद्यांचा, ज्यातून कलेसाठी एनईए आणि मानव्यविद्यांसाठी एनईएच या दोन संस्था निघाल्या. 8 नोव्हेंबरला उच्च शिक्षणाचा, ज्यात टायटल थ्री नावाचा भाग आहे, कॉलेजांना थेट पैसा देणारा. तुम्ही कलावाले जन्मभर पहिल्याच दाराशी रांग लावता. एनईएचं 2024 चं सगळं बजेट 20.7 कोटी डॉलर, अख्ख्या देशासाठी. त्यातलेही 40 टक्के राज्यांच्या कलासंस्थांकडे जातात. उरलेल्यात तुमचा अर्ज सिम्फनी ऑर्केस्ट्रांशी स्पर्धा करतो. वर अट अशी की जेवढे मागाल तेवढेच दुसरीकडून उभे करा.

या मॅचच्या अटीवर मी आयुष्यात जितकी भांडले तितकी नवऱ्याशीही भांडले नसेन. ज्याच्या दुसऱ्या खिशात काही आहे, त्याच्यासाठी ही अट आहे. आपला दुसरा खिसा कुणी रिकामा ठेवला? 2023 मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि शेती खात्यांच्या मंत्र्यांनी 16 राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. 1890 च्या कायद्याखालच्या कृष्णवर्णीय विद्यापीठांना 1987 ते 2020 या काळात राज्यांनी 1,200 कोटी डॉलरहून जास्त रक्कम कमी दिली, असा त्यांचा हिशेब होता. एकट्या टेनेसी स्टेट विद्यापीठाचे 210 कोटी. आणि आपण दहा हजारांचा मॅच जमवायला माजी विद्यार्थ्यांच्या जेवणावळी घालायच्या!

टायटल थ्रीचं दार वेगळं आहे. 1964 पूर्वी स्थापन झालेल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना तो पैसा सूत्राने मिळतो. पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांची केंद्राची मदत, घेणारे विद्यार्थी किती, पदवीधर किती, असं बघून. तिथे कवितेसारखा अर्ज लिहून कुणाला जिंकायचं नसतं. पैसा कॉलेजात येतोच. तो कशावर जाणार हे प्रेसिडेंटच्या ऑफिसात ठरतं आणि त्या बैठकीला केमिस्ट्रीचे लोक असतात, नर्सिंगचे असतात, कॉम्प्युटरवाले असतात. कलाविभागाचं माणूस नसतं. ते ग्रँटचं वर्णन लिहीत बसलेलं असतं.

सप्टेंबर 2025 मध्ये शिक्षण खात्याने या कॉलेजांना नेहमीपेक्षा सुमारे 43.5 कोटी डॉलर जास्त दिले, एकदाच म्हणून. हिस्पॅनिक आणि इतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कॉलेजांचा निधी काढून घेतला, तेव्हाच हे झालं. एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढणं मला पटत नाही आणि तसं मी उघड बोललेही आहे. पण ज्या वर्षी तुझ्या प्रदर्शनाचे पैसे गेले, त्याच वर्षी तुझ्या कॉलेजात जास्त पैसा आला, हे तुझ्या मेलमध्ये कुठेच नाही. तुला माहीत तरी होतं का?

मी ज्या कॉलेजच्या ग्रँट ऑफिसात होते तिथे माझी ख्याती 'कलेची वैरीण' अशी होती. नाटकाच्या एका प्राध्यापकाचा अर्ज मी अडवला होता. त्यात तीन दौरे होते आणि रंगमंचाचे दिवे बघायला एक तंत्रज्ञसुद्धा नव्हता. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, निवृत्त होईपर्यंत. मांडव भाड्याने आणायचा आणि घराला छप्पर नाही, अशा अर्जावर मी सही करणार नव्हते. आजही करणार नाही. तंत्रज्ञाची जागा मात्र पुढे मंजूर झाली, आणि ती कुणी भांडून मिळवली हे सांगण्याची तसदी कुणी घेतली नाही. असो. तुला सांगायचं कारण एवढंच की तुलाही असली नावं पडतील.

मात्र जागा मिळाली म्हणजे ती राहतेच असं समजू नकोस. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला तर केंद्र सरकार दरवर्षी थेट पैसे देतं, 1928 च्या कायद्याने. चित्रकार अल्मा थॉमस 1924 मध्ये तिथूनच ललित कलेची पहिली पदवीधर झाली, चित्रकार लोइस मेलू जोन्सने 1930 पासून 1977 पर्यंत तिथे शिकवलं. एवढ्या पुण्याईनंतरही गेल्या शतकाच्या अखेरीस ललित कलांचं स्वतंत्र कॉलेज दुसऱ्या कॉलेजात मिसळून टाकलं. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांत चॅडविक बोसमन होता. तो सिनेमाचा स्टार झाला, वारला, आणि 2021 मध्ये त्याच्या नावाने ते कॉलेज पुन्हा उभं राहिलं. प्रत्येक कॉलेजाच्या नशिबी बोसमन नसतो. म्हणून लेखी घे.

काय लेखी घ्यायचं? कलेक्शन सांभाळणारी एक पूर्ण वेळची जागा. पहिली काही वर्षं पगार टायटल थ्रीमधून, पुढे टप्प्याटप्प्याने कॉलेजच्या स्वतःच्या बजेटमधून, आणि त्यावर प्रोव्होस्टची, म्हणजे कॉलेजच्या शैक्षणिक प्रमुखाची, सही. शिवाय त्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती कलाविभागाला कुणी सांगत नाही. ग्रँटचा 20 टक्क्यांपर्यंतचा भाग कॉलेज एंडाउमेंटमध्ये, म्हणजे कायमच्या ठेवीत, टाकू शकतं, तेवढीच रक्कम बाहेरून आणली तर. मॅचसाठी जेवणावळी घालायच्याच असतील तर यासाठी घाला. त्याच्या व्याजातून पगार निघतो, प्रदर्शनाच्या मॅचमधून फक्त फोटो.

250 वर्षांच्या विषयाचं म्हणशील तर खुशाल बसव. त्यात लाज कसली? ज्यांच्या मजुरीवर हा देश उभा राहिला त्यांची चित्रं त्या सोहळ्यात नाहीत तर कुठे असणार? फक्त मजकूर बदलताना बजेट तेच ठेवलंस तर मला वाचायला पाठवू नकोस.

आणि ती नोकरी. पगार दीडपट आहे, तुझ्यावर कर्ज आहे, मी 'जाऊ नकोस' म्हणणार नाही. मी तुझ्या वयाची असताना अशीच एक चांगली जागा नाकारली आणि त्याची हळहळ अजून अधूनमधून होते, विशेषतः पेन्शनचं पत्र आलं की. पण जायचंच असेल तर तुझ्यामागे त्या खोलीची किल्ली कुणाकडे असेल आणि त्याला पगार कोण देईल, हे ठरवून जा.

रविवारी दुपारी फोन कर. त्याआधी बिझनेस ऑफिसमधून टायटल थ्रीचा चालू वर्षाचा आराखडा मागून घे. द्यायला टाळाटाळ करतील, तू तिथेच बसून राहा. वर्णनाची पानं नकोत, बजेटचं पान समोर घेऊन बस.

तुझी,
मावशी