उचल कोण देतो?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं ऊसतोडीवरचं प्रकरण दोनदा वाचलं. त्यात एक वाक्य आहे: ‘हंगामपूर्व अग्रिम-वितरणाच्या माध्यमातून श्रमशक्तीच्या परावलंबीकरणाची प्रक्रिया दृढमूल होताना दिसते.’ त्याच्याशेजारी मी पेन्सिलीने एकच शब्द लिहिलाय: कोण?

उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, आपोआप वाटली जात नाही. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा, ती कोयत्याला देतो, आणि कोयता म्हणजे बहुतेकदा नवरा-बायकोची जोडी. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि जोडी त्याच मुकादमाला बांधलेली राहते. काम बुडालं की खाडा, म्हणजे दंड, पडतो, तोही जोडीच्याच अंगावर. असं लिहिलंस की लगेच पुढचा प्रश्न समोर येतो: पैसे हातात कोण घेतं? बाईच्या मजुरीचा हिशोब तिच्या नावावर असतो का? हा प्रश्न तुझ्या वाक्यात बुडून गेला होता. तुझ्या संशोधनाचा गाभा मला तर तोच वाटतो.

‘परावलंबीकरण’ हा शब्द मला आणखी एका कारणाने खटकतो. ‘वेठबिगार’ लिहिलं असतंस, तर 1976च्या कायद्यातली व्याख्या उघडून ती या जोडीला लागू पडते का, हे तुला ठरवावं लागलं असतं. अवघड काम आहे ते. मोघम शब्द त्यातून सुटका करून देतो. कठीण शब्दांना माझा विरोध नाही. कोयता, खाडा हेही शहरातल्या वाचकाला कठीणच. एकदा अर्थ सांग आणि बिनधास्त वापर.

वाक्य लांब झालं म्हणूनही घाबरू नकोस. जोतीराव फुल्यांचा 1883 सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’ काढून बघ. काही वाक्यं श्वास पुरणार नाही इतकी लांब आहेत, पण शेतकऱ्याला कोण लुबाडतं हे त्यांत कुठेही लपत नाही.

सोपं लिहिलं तर परीक्षक हलकं समजतील, ही भीती मला माहीत आहे. तिच्यापायी मीही माझ्या प्रबंधाची कितीतरी पानं जड केली. आज ती मलाच उलगडत नाहीत, याचं वाईट वाटतं.

आणि हो, आपल्या उचलीचा आकडा हंगाम संपताना कळला असं सांगणारी ती बाई तू तळटीपेत ठेवली आहेस. तिला वर आण. प्रकरण तिच्यापासूनच सुरू कर आणि मला पुन्हा पाठव.

तुझा,
सर