शेवळं का खाजतात? रानभाज्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : अलिबागच्या बाजारातून शेवळं आणून भाजी केली, तर घरात सगळ्यांचा घसा खवखवला. काय चुकलं?

उत्तर : बहुतेक काकडं, म्हणजे शेवळांबरोबर मिळणारी आंबट रानफळं, घालायची राहिली. शेवळं म्हणजे सुरणाच्याच कुळातल्या रानकंदाचे कोवळे फुलोरे; त्यांत सुरणासारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. हाताला तेल चोळून वरचं आवरण सोला. आत दांड्याच्या बुडाशी पिवळा, दाणेदार भाग दिसेल, तो काढून टाका. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परता आणि काकडं ठेचून, त्यांचा रस घालून शिजवा. शेवळंवाली मावशी जुडीबरोबर ती हिरवी, आंबट फळं देते ती उगाच नाही. नसलीच तर चिंच किंवा आमसूल घ्या. सोडे (सुकवलेली कोळंबी) घातले तर भाजीला फार सुरेख चव येते. फक्त अर्धीकच्ची उतरवू नका. शेवळं पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस मिळतात, तेव्हा धीर न सोडता यंदाच पुन्हा करून बघा.

प्रश्न : चिपळूणला परसात टाकळा उगवलाय असं वाटतं. खात्री कशी करावी?

उत्तर : एका देठावर सहसा तीन जोड्या पानं, टोकाकडे गोलसर, चुरगळली की उग्र वास. संध्याकाळी जाऊन बघा, पानं मिटलेली असतील. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कासविंद्याची पानं टोकदार असतात. फुलं धरण्याआधीची कोवळी पानंच खुडा. फणसाच्या आठळ्या आणि ओलं खोबरं घालून केलेली टाकळ्याची भाजी मला इतर कुठल्याही पालेभाजीपेक्षा प्रिय आहे. टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे गजकर्ण घालवणारा. बियांचा लेप त्यासाठीच लावत. पण गजकर्ण पसरत असेल तर लेपावर थांबू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : अंगावर पित्त उठलं की आजी आमसुलाचं पाणी लावायची. चालेल?

उत्तर : चालेल, आमच्याकडेही लावतात. आमसुलं भिजवून, कुस्करून ते पाणी लावायचं. ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला, तर मात्र तडक दवाखाना.

प्रश्न : कुंपणाशी कळलावीच्या वेलाखाली कंद सापडला. करांद्यासारखा उकडून खाल्ला तर?

उत्तर : अजिबात नको! त्यात कोल्चिसिन हे जहाल विष असतं आणि उकडून ते जात नाही. लालपिवळी, ज्वाळेसारखी फुलं आणि नांगरासारखा दुबेळका कंद ही तिची खूण घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा. चुकून कुणी खाल्लाच, तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता कंदाचा तुकडा बरोबर घेऊन रुग्णालय गाठा.