कोरीवकामासाठी चेनसॉ : पहिलं मशीन कोणतं, बार कोणता?

कोरीवकामाला चेनसॉ घेऊ पाहणाऱ्यांच्या पत्रांत तोच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. मशीन सीसी बघून घेतात आणि बारचा, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीचा, विचार नंतर करतात. नेमके प्रश्न निवडून उत्तरं देत आहे.

ऑनलाइन ५८ सीसी, २२ इंची बारचं मशीन स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

नको. ते झाडं तोडायचं मशीन आहे, इंधन भरल्यावर सात किलोच्या आसपास भरतं. कोरताना मशीन आडवं-तिरकं धरून बराच वेळ काम करावं लागतं. हात थकला की चूक होते. ३० ते ४० सीसीचं, बार-चेन सोडून चार किलोच्या आसपासचं मशीन आणि १२ किंवा १४ इंची साधा बार घ्या. सुटे भाग देणारं सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

चेनला गाडीचं जळकं ऑईल चालतं का?

नाही. त्यात धातूचा बारीक चुरा असतो आणि ते कातडीला घातक आहे. बार-चेनचं ऑईलच वापरा.

दुकानदार म्हणतो, अरुंद टोकाचा कार्व्हिंग बार कुठल्याही मशीनला बसतो. खरं का?

खोटं आहे. मशीनवर बसणारी बारची मागची खाच आणि तेलाचं भोक तुमच्या मशीनशी जुळायला हवं. चेनचा पिच (कड्यांमधलं अंतर) स्प्रॉकेटशी (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी), गेज (चेनच्या आतल्या दातांची जाडी) बारच्या कडेच्या खोबणीशी आणि ड्राइव्ह लिंकची (त्या आतल्या दातांची) संख्या बारच्या लांबीशी जुळायला हवी. साधारण १८ मिलिमीटर रुंद टोकाच्या बारला १/४ इंच पिचची चेन लागते. लहान मशीनवर बहुधा ३/८ लो-प्रोफाइल चेन असते, म्हणजे स्प्रॉकेटही बदलावा लागतो. या बारच्या टोकाला चाक नसतं, चेन नुसती घासत जाते. तेल कमी पडलं की टोक तापून निळं पडतं. मशीनचा मॉडेल नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि चारही गोष्टी तिथे जुळवूनच विकत घ्या. नवशिक्याने आधी साध्या बारने ढोबळ आकार काढायला शिकावं.

कार्व्हिंग बारला किकबॅक (बारचं टोक लाकडात अडकून मशीन अंगावर उसळणं) येत नाही, असं ऐकलं.

कमी येतो. चेन ब्रेक, हेल्मेट-जाळी, कानाचं संरक्षण आणि चेनसॉची खास पँट तरीही लागतेच.

मशीन महाग आहे. ग्राइंडरला लावायची बार-चेनची पट्टी काही शे रुपयांत मिळते. सुरुवातीला ती चालेल ना?

अजिबात नाही. चेनसॉचा ट्रिगर सोडला की क्लच सुटतो आणि चेन थांबते. झटक्याने मशीन उसळलं तर पुढचा गार्ड ब्रेक लावतो. घरोघरी असलेल्या चार इंची ग्राइंडरचा सरकता स्विच पुढे ढकलला की तिथेच अडकून राहतो. हात निसटला, ग्राइंडर पायावर पडला, तरी चेन फिरतच राहते. ना क्लच, ना ब्रेक, ना मागचं हँडल. ही पट्टी बसवायला डिस्कचा गार्ड काढून त्याच गळ्यावर क्लॅम्प आवळतात. भार आला की तो सरकतो. तेलाचा पंप नाही, वरून थेंब सोडायचे. ते सुकले की चेन तापते, सैल होते आणि बारवरून सुटते. व्हिडिओत दोन फांद्या सफाईने कापून दाखवतात, त्यावर जाऊ नका. चेन बसवलेल्या गोल चकत्याही टाळा. ग्राइंडरनेच कोरायचं असेल तर गार्ड ठेवून टंगस्टन कार्बाइडच्या दाणेदार चकत्या वापरा, आणि चकतीवरची आरपीएम मर्यादा ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. पैसे कमी असतील तर थांबा. चांगल्या स्थितीतलं जुनं मशीन मेकॅनिकला दाखवून घेता येतं.

शिकायला लाकूड कुठलं?

ओला आंबा किंवा गुलमोहर. सुकी बाभूळ नको. रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे खिळे गाडलेले असतात, आधी मेटल डिटेक्टर फिरवा. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, म्हणून ओंडका कुठून आला ते विचारा आणि पावती घ्या. शंका असेल तर वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करा.

चार महिने काम केल्यावर बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात. मलम लावतोय.

मलम लावत कशाला थांबलात? कंपनाने नसा आणि रक्तवाहिन्या दुखावल्याची ही लक्षणं असू शकतात आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं. मलमाचा उपयोग नाही. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि काय काम करता ते सांगा. तोवर मशीन बंद ठेवा. सर्व्हिस सेंटरमध्ये कंपन शोषणारे रबर तडकलेत का ते बघून घ्या. चेन जाड कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा काढत असेल तर ती बोथट झाली आहे, त्यानेही हादरे वाढतात.